अंकगणिती श्रेढीचं सूत्र काढणं

अंकगणिती श्रेढी म्हणजे आकड्यांची अशी ओळ की जिच्यात पुढचा आकडा दरवेळी तेवढाच वाढतो नाहीतर तेवढाच घटतो. हा ठरलेला फरक म्हणजे सामान्य फरक. दहावीच्या बीजगणितात हे येतं. सूत्र काढायचं म्हणजे मधले आकडे मांडत न बसता कितवंही पद (ओळीतला आकडा) थेट सांगता आलं पाहिजे, बास.

सोलापुरात उदाहरणासाठी लांब जायला नको, घरातली चादर अंथरा. समजा कडेपासून ५ इंचावर पहिला आडवा पट्टा आहे आणि मग दर ७ इंचाला एक, टेप लावली की ५, १२, १९, २६ असं येतं. आता दहावा पट्टा कुठं? इथं बरीच पोरं ५ + १० × ७ करून ७५ सांगतात आणि तिथंच गंडतात, कारण पट्टे दहा असले तरी त्यांच्या मधल्या जागा नऊच की हो! म्हणून ५ + ९ × ७ = ६८. (सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या अडुसष्ट लिंगांचाच आकडा आला, पण तो आपला योगायोग.)

म्हणजे ‘न’ हा पदाचा क्रमांक धरला, तर न वं पद = पहिलं पद + (न − १) × फरक. आपल्या चादरीला हे सोडवलं की ७न − २ उरतं. यातला ७ लगेच दिसतो, −२ कुठून आला ते मात्र कुणी सांगत नाही: पहिल्या पदातून एक फरक मागं गेलं की ५ − ७, तोच तो.

हे काही आजचं नाही. आर्यभटाने ४९९ मध्ये श्रेढीचे नियम दिलेत आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तर अख्खं श्रेढीव्यवहार प्रकरण आहे, तिथं फरकाला चय, शेवटच्या पदाला अंत्यधन आणि त्या ‘न − १’ ला व्येकपद म्हटलंय, म्हणजे एक वजा केलेली पदसंख्या, माझ्या मते या नावातच सगळी मेख आहे, ते डोक्यात बसलं तर ७५ चा घोळ होतच नाही.

फरक माहीत नसेल, नुसतं तिसरं पद १९ आणि दहावं ६८ दिलं असेल तरी जमतं, ६८ − १९ म्हणजे ४९, त्याला मधल्या ७ जागांनी भागा, फरक ७ आला.

उलटंही करता येतं. चादर ९० इंची असेल तर पट्टे किती? ७न − २ हे ९० च्या आत राहायला पाहिजे, म्हणून न जास्तीत जास्त १३, आणि तेरावा पडतो ८९ इंचावर, कडेला एकच इंच सोडून, म्हणजे टोक दुमडून शिलाई मारली की तो आत गेला, दिसायला बाराच.