टर्बोचा गुणक : हौशी ऑटोक्रॉसमधल्या क्लासच्या वादाची पार्श्वभूमी

ऑटोक्रॉस म्हणजे मैदानावर प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडून आखलेल्या मार्गावर गाड्या घड्याळ लावून पळवायचा खेळ. हंगाम जवळ आला की इंदूरच्या हौशी ऑटोक्रॉसवाल्यांमध्ये एका प्रश्नावरून हमखास जुंपते. एक लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक कोणत्या क्लासमध्ये उतरवायची? क्लास म्हणजे इंजिनाच्या सीसीवरून पाडलेले गट: चौदाशेपर्यंत, चौदाशे ते सोळाशे, आणि त्याच्या वर. टर्बो हवा दाबून भरून सीसीच्या मानाने जास्त ताकद काढतो, म्हणून त्याची सीसी आधी एका आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. इंजिन ९९९ सीसीचं. टर्बोसाठी १.४ चा गुणक धरला तर हिशेबी क्षमता १३९८.६ सीसी होते आणि गाडी जेमतेम का होईना, चौदाशेच्या आत बसते. १.७ धरला तर तीच १६९८.३ होते आणि गाडी थेट सोळाशेच्या वरच्या गटात जाते. मधला चौदाशे ते सोळाशेचा क्लास कोणीच तिला देत नाही. गेल्या काही वर्षांत काही आयोजकांनी एक आकडा धरला, काहींनी दुसरा, आणि एकाच गाडीने एकाच हंगामात दोन वेगवेगळ्या क्लासमध्ये ट्रॉफ्या नेल्या.

गाड्यांचे गट पाडायची पद्धत सीसीपासून सुरू झाली नाही. शर्यतींच्या सुरुवातीच्या काळात वजन बघत, आणि १९०२ मध्ये मोठ्या गाड्यांना १००० किलोची कमाल मर्यादा घातली गेली. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक उघडला. तिथे पुढे हँडिकॅप रुळला: हळू गाडी आधी सोडायची, वेगवान मागून, आणि सगळ्या शेवटच्या रेषेवर एकत्र याव्यात असा हिशेब. त्याच काळातला ब्रिटिश मोटर कर सिलिंडरच्या फक्त व्यासावर आकारला जाई, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ती लांबी, त्यात धरलाच जात नसे. परिणामी तिथल्या कारखानदारांनी कित्येक वर्षं अरुंद बोअर (व्यास) आणि लांब स्ट्रोकची इंजिनं काढली. नियम ज्या गोष्टीकडे बघत नाही, तिथेच गाडी वाढते. आपल्याकडे तेव्हा मोटार ही संस्थानिकांची चीज होती. होळकरांसाठी बनलेल्या १९३५ च्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीची आठवण जाणकार आजही काढतात, पण तिला कोणी क्लास विचारला नव्हता.

सीसी टिकून राहिली, कारण ती मोजता येते. इंजिनाचं वरचं झाकण (हेड) उघडायचं, व्यास आणि स्ट्रोक मोजायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं, संपलं. मैदानावर ताकद मोजता येत नाही, ताकद मोजायचं यंत्र, डायनो, कोणी टेम्पोत घालून आणत नाही. हौशी स्पर्धेत जे जागेवर तपासता येतं तेवढाच नियम खरा, म्हणून सीसीवर टीका करणाऱ्यांनाही शेवटी तिच्यापाशीच यावं लागतं.

अडचण झाली ती हवा दाबून भरणाऱ्या इंजिनांची. ग्रां प्रीच्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींच्या, नियमांत १९३८ साली सुपरचार्ज केलेल्या (इंजिनाच्याच जोरावर हवा दाबणाऱ्या) इंजिनाला ३ लिटर आणि साध्याला साडेचार लिटर दिले, म्हणजे गुणक १.५. युद्धानंतर दीड लिटर विरुद्ध साडेचार, गुणक ३. १९५४ साली ७५० सीसी विरुद्ध अडीच लिटर, म्हणजे ३.३३, आणि सुपरचार्जरच्या वाटेला कोणी गेलंच नाही. १९६६ साली दीड विरुद्ध तीन, गुणक २. हा इतका जाचक वाटला की अकरा वर्षं त्या वाटेला कोणी फिरकलं नाही. १९७७ मध्ये एक फ्रेंच कारखाना टर्बो घेऊन उतरला, सुरुवातीला वारंवार धूर काढून थांबला, आणि १९८३ उजाडेपर्यंत टर्बोशिवाय जगज्जेता होणं अशक्य झालं. गुणक तोच होता, तंत्र पुढे गेलं होतं.

रॅली आणि टूरिंग कारमध्ये १.४ चालत होता. ग्रुप बी या रॅलीच्या वर्गातल्या लान्चिया डेल्टा एस४ चं इंजिन १७५९ सीसीचं का, याचं उत्तर त्याच आकड्यात आहे: १.४ ने गुणलं की २४६२ होतात, अडीच लिटरच्या वर्गाच्या आत, आणि त्या वर्गाचं किमान वजन हलकं. पुढे आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात पेट्रोल टर्बोला १.७ आणि डिझेलला १.५ आला. या दोन आकड्यांमागे निसर्गाचा कुठला नियम नाही. त्या त्या वेळच्या, त्या त्या दर्जाच्या कारखानी संघांच्या गाड्या बघून केलेली ती तडजोड होती. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या बाजूला एखाद्या मैदानावर हप्त्यावर घेतलेली गाडी पळवणाऱ्याला ती जशीच्या तशी लागू करायची का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या गोंधळाला एक कर कारणीभूत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. त्याआधी क्लबच्या स्पर्धांत ७९६ सीसीची मारुती, ९९३ ची झेन आणि १२९८ ची एस्टीम अशी नैसर्गिक पायरी होती, आणि चौदाशेच्या आत म्हणजे तेराशेची गाडी हे सगळे गृहीत धरत. शुल्क घटल्यावर कारखान्यांनी इंजिनं बाराशेच्या खाली आणली. २०१० साली स्विफ्टसुद्धा १२९८ वरून ११९७ सीसीवर आली. थोडे अपवाद सोडले तर चौदाशेचा क्लास हा प्रत्यक्षात बाराशेचा क्लास झाला, वर दोनशे सीसी रिकामी. त्या रिकाम्या जागेतच १.४ ने गुणलेली एक लिटर टर्बो येऊन बसते.

आता आकडे शेजारी ठेवून बघावेत. २०२१ ची ११९७ सीसी स्विफ्ट सुमारे ९० पीएस (ताकद) आणि ११३ न्यूटन मीटर (टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर) देते. एक लिटर टर्बोची पोलो ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर, आय-ट्वेंटीची एन लाइन १२० पीएस आणि १७२. कोनांच्या मधून दुसऱ्या गिअरमध्ये उसळी घ्यायची असते तिथे पीएसपेक्षा टॉर्क बोलतो, आणि तो दीडपट आहे. स्विफ्टला आणि या टर्बो गाड्यांना एका क्लासमध्ये उभं करणं अन्याय आहे, यात मला शंका नाही.

पण १.७ ने न्याय होतो असंही नाही. ९९९ सीसीची गाडी चौदाशे ते सोळाशेच्या क्लासमध्ये बसवायची तर गुणक १.४०२ ते १.६०१ यांच्यामध्ये कुठेही चालतो. दीड धरला तर १४९८.५ येतात, म्हणजे ११९ पीएसच्या दीड लिटर होंडा सिटीच्या शेजारी. कागदावर याहून सरळ जोडी सापडणार नाही. आपण मात्र या पट्ट्याच्या दोन्ही टोकांबाहेरचे आकडेच निवडले आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडलो. १.७ मुळे हीच गाडी १.८ टर्बोच्या १६० पीएसच्या सेडानसमोर जाते.

दुसरा पेच पोलोच्याच जुन्या गाडीचा. २०१३ ची १.२ लिटर टर्बो पोलो १०५ पीएसची, टॉर्क नव्या एक लिटरइतकाच, १७५. पण तिचे ११९७ सीसी १.४ ने गुणले की १६७६ होतात. म्हणजे पाच पीएस कमी असलेली जुनी गाडी दोन पायऱ्या वर. सीसीला गुणून ताकदीचा अंदाज बांधायचा म्हटलं की असं होतंच.

इथे इंदूरची एक भर आहे, जिच्याबद्दल नियमपुस्तकात काही लिहिलेलं नाही. शहर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. साधं इंजिन दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के ताकद गमावतं, म्हणजे इथे पाचेक टक्के आधीच गेले. टर्बो विरळ हवा दाबून ही तूट बरीचशी भरून काढतो. उलट एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत लागोपाठ रन (मार्गावरच्या फेऱ्या) दिले की टर्बोची हवा तापते आणि इंजिनाचा संगणक स्वतःच ताकद कापतो. थंडीतल्या आणि उन्हाळ्यातल्या राउंडचे निकाल एका तराजूत घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

स्क्रुटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी-तपासणीच्या, रांगेत वाद कसा घडतो ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. बॉनेट उघडं, तपासनीस टॉर्च मारून एअर फिल्टरचा डबा बघतायत, मागे उभा असलेला पोरगा आपल्या जुन्या तेराशेच्या चाकाला टेकून म्हणतो, "काका, फिल्टर काय बघताय, रिमॅप दिसतो का त्यात?" तपासनीस काही बोलत नाहीत, कारण उत्तर त्यांच्याकडे नसतं. रिमॅप करून, म्हणजे लॅपटॉप जोडून टर्बोचा दाब (बूस्ट) वाढवलेली गाडी बाहेरून शोरूमसारखीच दिसते. साध्या इंजिनातून तेवढीच वाढ काढायची तर कॅम, हेड, एक्झॉस्ट बदलावं लागतं, पैसे ओतावे लागतात आणि ते उघड दिसतं. त्यामुळे "स्टॉक" (कारखान्यातून आली तशीच गाडी) क्लासचा नियम साध्या इंजिनवाल्यावर कडक आणि टर्बोवाल्यावर ढिला पडतो. टर्बोवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही: बाजारात आता याच गाड्या मिळतात, नवीन पोरांनी काय दहा वर्षं जुनी गाडी शोधत फिरायचं? पण जुन्या गाडीवर शिकलेली, कमी पैशांत येणारी माणसंच क्लबचा कणा आहेत, आणि क्लासमध्ये तीच आधी गळतात.

हा वाद इतका पेटतो तो गुणपद्धतीमुळे. प्रत्येक क्लासच्या विजेत्याला सारखे गुण आणि त्या गुणांवर हंगामाचा एकूण विजेता, अशी बहुतेक ठिकाणची पद्धत आहे. मग बारा गाड्यांच्या क्लासमध्ये घाम गाळून दुसरा आलेला मागे राहतो आणि दोन गाड्यांच्या क्लासमध्ये सहज पहिला आलेला पुढे जातो. क्लास निवडणं हेच डावपेच होतं. किमान नोंदणी नसेल तर अर्धे गुण, किंवा क्लास वरच्या गटात विलीन, हे उपाय जुने आहेत, पण ते सकाळी नोंदणी बंद झाल्यावर जाहीर करून चालत नाही.

सर्वोत्तम निकालच धरायचे, बाकीचे सोडायचे, ही दुसरी पद्धत. नोकरी सांभाळून येणाऱ्याला एखादं लग्नकार्य चुकत नाही, म्हणून हौशी पातळीवर ती माणुसकीची आहे. मोठ्या पातळीवर तिने काय होतं ते १९८८ मध्ये दिसलं: फॉर्म्युला वनमध्ये एकूण १०५ गुण मिळवणारा ९४ मिळवणाऱ्याच्या मागे राहिला, कारण अकराच निकाल धरायचे होते आणि हिशेब ८७ विरुद्ध ९० असा झाला. दोन वर्षांनी, १९९० च्या हंगामानंतर, तो नियम गेला.

अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसमध्ये तिसरा मार्ग आहे. प्रत्येक क्लासला एक निर्देशांक, त्याने वेळ गुणायची आणि सगळ्यांना एका यादीत लावायचं. समजा, ०.८ च्या क्लासमध्ये साठ सेकंद लागले तर हिशेबी वेळ ४८. मात्र हे निर्देशांक शेकडो गाड्यांच्या निकालांवरून काढावे लागतात. पन्नास गाड्यांच्या मेळ्यात तो आकडा म्हणजे कोणाचं तरी मतच ठरेल.

रन कोणाचा कधी, हाही न्यायाचाच भाग आहे. माळव्याच्या काळ्या मातीवर सकाळी दव असतं, पहिल्या गाड्या वरचा थर झाडून काढतात आणि नंतरच्यांना घट्ट पकड मिळते. दुपारी उलटा क्रम ठेवला तर हे बऱ्याच अंशी मिटतं. त्याच गाडीने क्लास आणि ओपन (सगळ्या गाड्यांना खुला गट) अशी दुहेरी नोंदणी करण्याची मुभा मात्र अजून बहुतेक ठिकाणी आहे. ज्याच्या खिशात दोन नोंदण्यांचे पैसे, त्याला त्याच मार्गावर दुप्पट सराव.

पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी ट्रॅक सुरू झाला, त्याने शहराचं नाव गाड्यांच्या जगात गेलं. हौशी क्लबच्या कोनांना त्याचा फारसा उपयोग नाही. पुढचा खरा पेच विजेच्या गाड्यांचा आहे. २०२० ची नेक्सॉन ईव्ही १२९ पीएस आणि २४५ न्यूटन मीटर देते, आणि सीसी शून्य. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. तिला वेगळा क्लास द्यावा तर नोंदणी दोन-तीन गाड्यांची, आणि विजेत्याला पूर्ण गुण द्यायचे की अर्धे, हे येत्या हंगामाच्या नियमपत्रात नोंदणी सुरू होण्याआधी लिहिलेलं असायला हवं, टर्बोच्या गुणकासकट.