मिनिएचर घोड्याची आयाळ : प्रदर्शनासाठीची निगा आणि कातरणी

मिनिएचर घोडा उंचीने माणसाच्या कमरेपर्यंतही पोचत नाही, पण रिंगणात त्याच्याकडून अपेक्षा असते ती पुऱ्या घोड्याची. अमेरिकेत या घोड्यांची मोठमोठी प्रदर्शने भरतात. घोडा परीक्षकांसमोर नेण्याआधी त्याच्या आयाळीवर बरेच काम होते. ती धुतात, तिचा गुंता काढतात, ती विरळ करतात, कानांमागची पट्टी कातरतात आणि केसांना एका अंगाला पाडून वळण लावतात. घोड्याला खरारा करणे हे रोजचे काम, ते कोणत्याही तबेल्यात चालते. आयाळीची कातरणी मात्र वेगळी. तिला घोड्याच्या बांध्याची नजर लागते, कारण एकदा कातरलेला केस त्या हंगामात परत येत नाही.

या जातीत आयाळीचा संबंध थेट नोंदणीशी येतो. इतर घोड्यांची उंची मोजतात ती मान जिथे पाठीला मिळते तिथल्या खांद्याच्या उंचवट्याच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंत. मिनिएचरची उंची मोजतात ती आयाळीच्या शेवटच्या केसांच्या मुळापर्यंत. त्यामुळे एकाच जनावराचा आकडा दोन पद्धतींनी थोडा वेगळा येऊ शकतो. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची कमाल मर्यादा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर आहे. अमेरिकन शेटलंड पोनी क्लबच्या छत्राखाली चालणारी अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्री दोन गट करते. ३४ इंचांपर्यंतचे घोडे ‘अ’ गटात आणि त्यावरचे ३८ इंचांपर्यंतचे ‘ब’ गटात. मोजणीच्या वेळी घोडा सपाट जागेवर चारही पाय सरळ ठेवून उभा असतो. मोजपट्टीची आडवी दांडी हळूहळू खाली येते आणि मापक बोटाने केस बाजूला करून शेवटच्या बटेचे मूळ शोधतो. अर्ध्या इंचाने गट बदलतो, कधी घोडा नोंदणीच्या बाहेरच जातो. म्हणून आयाळीच्या त्या शेवटच्या चार बोटांना कोणतेही हत्यार लावायचे नाही, हे या कामातले पहिले पथ्य. तिथले केस उडालेले दिसले की मोजणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि ती शंका वाजवीच असते.

बाकीच्या आयाळीचे काय करायचे, हे घोडा कसा दिसायला हवा यावर ठरते. अमेरिकी संघटनांची आदर्श कल्पना अशी की शेजारी माणूस किंवा कुंपण नसलेला फोटो पाहिला, तर तो मोठ्या घोड्याचा वाटावा. बारीक मुस्कट, मोठे डोळे, लांब लवचीक मान आणि जबड्यामागे नाजूक गळा. अरबी घोड्याचा ठसा या चित्रावर स्पष्ट दिसतो. पण निसर्गाने मिनिएचरला दिलेले केस बहुधा पोनीचे असतात. दाट, राठ, कधी मानेच्या दोन्ही अंगांना पडणारे. एवढ्याशा मानेवर एवढा भार आला की मान आखूड आणि जाड वाटते, डोके खांद्यावर ठेवल्यासारखे दिसते. कातरणाऱ्याचे सगळे कौशल्य मान दाखवण्यात असते आणि आयाळीचा डौलही जाऊ द्यायचा नसतो.

याच्या अगदी उलट रीत शेटलंड पोनीची. मिनिएचरच्या रक्तात या पोनीचा मोठा वाटा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर वारा आणि पाऊस यांतून निभावून जायला दाट आयाळ, भरघोस शेपूट आणि कपाळावर डोळ्यांपर्यंत उतरणारी झुलपे हेच त्यांचे छप्पर. म्हणून ब्रिटनमध्ये शेटलंड जातीच्या प्रदर्शनात आयाळ नैसर्गिकच हवी. धुवायची, विंचरायची, आणि सोडून द्यायची. तिथे कानांमागे यंत्र फिरवलेला शेटलंड विजोड दिसतो. अमेरिकी रिंगणात न कातरलेला मिनिएचर तितकाच विजोड. जनावराची उंची दोन्हीकडे सारखी असू शकते, फरक आपण त्याच्यात काय पाहू इच्छितो याचा आहे.

कातरणीचा गाभा म्हणजे ब्रायडल पाथ. मोरखीचा किंवा लगामाचा डोक्यावरून जाणारा पट्टा नीट बसावा म्हणून कानांच्या लगेच मागची आयाळ मुळापासून काढतात, ती पट्टी. मोठ्या घोड्यात तिची लांबी बहुधा कानाएवढी ठेवतात. कान मागे दुमडून मानेवर टेकवायचा, टोक येईल तिथे खूण करायची. मिनिएचरच्या शोमध्ये ती याहून लांब असते, साधारण चार ते सहा इंच आणि काही घोड्यांत त्याहूनही जास्त. पट्ट्याला एवढी जागा अर्थातच लागत नाही. जबड्यामागचा गळा आणि मानेचा वरचा बाक उघडा पडावा, मान लांब वाटावी, म्हणून ही लांबी.

किती कातरायचे याला पट्टीवरचा आकडा उपयोगी नाही. घोडा उभा करायचा, मदतनिसाने त्याचे डोके शोमध्ये असते तितके वर धरायचे, आणि आपण दहा पावले मागे जाऊन बाजूने पाहायचे. मान जाड असेल तर पट्टी लांब घेतल्याने ती सडसडीत वाटते. मान मुळातच बारीक असेल, किंवा वरचा बाक उलटा, म्हणजे खोलगट असेल, तर लांब पट्टीने तोच दोष उघडा पडतो. अशा घोड्याला आखूड पट्टी आणि भरदार आयाळच शोभते. मग ठरलेल्या जागेच्या पुढचे केस एका बाजूला आणि मागचे दुसऱ्या बाजूला करायचे, मागच्या केसांना रबरबँड लावायचा, म्हणजे एकही चुकार बट पात्याखाली येणार नाही. क्लिपर, म्हणजे केस कातरायचे यंत्र, कानांकडून मागे नेत सुरुवातीला दोनच इंच काढायचे. पुन्हा मागे जाऊन पाहायचे. मग अर्धा अर्धा इंच.

ही हळूहळू जाण्याची सवय फार महत्त्वाची आहे. आयाळ महिन्याला साधारण अर्धा ते एक इंच वाढते. जास्तीचे दोन इंच चुकून गेले, तर ते केस आधी खराट्यासारखे ताठ उभे राहतात, पुढचे अनेक महिने मानेवर तुरा दिसतो, आणि तो आडवा पडेपर्यंत हंगाम संपलेला असतो. नवखे लोक इथे हमखास चुकतात. एका बाजूने जरा वाकडे गेले म्हणून सारखे करायला जातात, मग दुसऱ्या बाजूने, आणि पट्टी मानेच्या मध्यापर्यंत पोचते.

कपाळावरची झुलपेही याच नजरेने पाहतात. जाड झुलपे डोळे झाकतात, आणि डोळे हा तर या घोड्याचा दागिना. ती खालच्या थरातून विरळ करून एका निमुळत्या बटेवर आणतात. कात्रीने आडवी सरळ रेघ मात्र कधीच कापायची नाही, नाहीतर कपाळावर पडदा टांगल्यासारखा दिसतो.

उरलेली आयाळ लांब आणि मोकळीच ठेवतात. शर्यतीच्या किंवा हंटर, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या, प्रकारातल्या घोड्यांची आयाळ उपटून आखूड करतात आणि वेण्या घालतात, तशी रीत इथे नाही. इथे दाटपणा कमी करायचा असतो, लांबी तशीच ठेवून. त्यासाठी दातेरी कात्री, म्हणजे थिनिंग शिअर्स वापरतात. वरचा थर उचलून बाजूला बांधायचा, खालच्या केसांत कात्री मुळाच्या दिशेने उभी धरून दोनतीनदा चालवायची, कंगव्याने सुटे केस काढायचे, वरचा थर सोडून पाहायचे. कात्री आडवी धरली तर केसांत पायऱ्या पडतात आणि त्या लांबूनही दिसतात. फारच दाट आयाळ असेल तर काही जण खालच्या बाजूची एक अरुंद पट्टी मुळापासून क्लिपरने काढतात. आयाळ लगेच सपाट बसते, हे खरे. पण महिन्याभरात तेच खुंट वाढून वरच्या केसांना बाहेर ढकलू लागतात आणि पुन्हा पुन्हा कातरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून हा उपाय शेवटचाच समजावा.

शोआधी घोड्याच्या सगळ्या अंगावरचे केसही यंत्राने उतरवतात, कारण मिनिएचरचा हिवाळी कोट अस्वलासारखा असतो. आयाळीचे सर्वांत जास्त नुकसान होते ते या वेळी. मानेच्या कडेने क्लिपर वर नेताना हात जरा पुढे गेला की आयाळीची कड खाल्ली जाते, आणि खांद्याजवळ घाई केली तर मापाचे ते शेवटचे केसच उडतात. सोपा उपाय असा : आयाळ दोनचार सैल वेण्यांत विरुद्ध बाजूला बांधायची, आणि मानेच्या कडेपाशी पाते वर न नेता कडेला समांतर फिरवायचे.

चांगली आयाळ वर्षभराच्या निगेतून येते, शोच्या आठवड्यात ती घडवता येत नाही. अंगावरचे केस ऋतूप्रमाणे गळून नवे येतात, तसे आयाळीचे होत नाही. तुटलेला केस तुटलेलाच राहतो. म्हणून गुंता आधी बोटांनी सोडवायचा, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे चढत. कोरडा, धुळीने भरलेला केस विंचरण्यापेक्षा थोडा डिटँगलर, म्हणजे गुंता सोडवणारा द्रव, लावून विंचरलेला बरा. शाम्पू मुळाशी राहिला तर कोंडा होतो, खाज सुटते आणि घोडा खांबाला मान घासून एका दुपारीत इंचभर आयाळ घालवतो. चिलटांसारख्या बारीक माशांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी असलेल्या घोड्यात हा त्रास उन्हाळ्यात वाढतो. तिथे सौंदर्यप्रसाधनांचा उपयोग नसतो, माश्यांपासून बचाव आणि पशुवैद्याचा सल्लाच लागतो. ठेंगण्या घोड्यांची आणखी एक खोड म्हणजे पलीकडचे गवत खायला कुंपणाच्या दोन फळ्यांमधून मान घालणे. मानेच्या मध्यावर आयाळीला खिंडार दिसले की आधी कुंपण तपासावे. ब्लँकेटची गळ्याकडची कड घट्ट असेल तर तीही नेमकी खांद्याजवळचे केस कुरतडते.

आयाळ बहुधा उजवीकडे पाडतात. माणूस घोड्याच्या डाव्या अंगाने चालतो, त्यामुळे त्या बाजूची मान मोकळी राहते. अर्धी इकडे अर्धी तिकडे पडणारी आयाळ ओली करून हव्या त्या बाजूला सैल वेण्यांत बांधतात. वेणी मुळाशी ओढलेली नको, आणि आठवड्यादीड आठवड्याने सोडून पुन्हा घालायची, नाहीतर केस मुळाशीच तुटतात. डोके आणि मान झाकणारा लायक्राचा हूड रात्रीपुरता चढवला तरी केस सपाट बसायला मदत होते.

शिंगरांची गोष्ट वेगळी. त्यांची आयाळ मऊ, उभी आणि लोकरीसारखी असते, तिला वळण लावण्याच्या भानगडीत पडू नये. त्या वयात करायचे काम एकच, यंत्राची ओळख. आधी बंद क्लिपर मानेवरून फिरवायचा, मग चालू यंत्राचा आवाज लांबून ऐकवायचा, मग आपला हात मध्ये ठेवून त्याची थरथर जाणवू द्यायची. कान धरून, जबरदस्तीने पहिली कातरणी केलेले शिंगरू पुढे कायम कानांजवळ हात आला की डोके उडवते.

शोच्या पहाटे कातरणी करायची नसते. ब्रायडल पाथवरचे खुंट एकदोन दिवस आधीच साफ केलेले असतात. सकाळी वेण्या सोडून, केस किंचित ओलसर करून विंचरायचे, म्हणजे वेणीने पडलेल्या लाटा निघून जातात. पिळदार केस मिनिएचरला शोभत नाहीत असे माझे मत. सिलिकॉनचा स्प्रे लावला की बटा सुट्या राहतात आणि चमक येते, पण गाडीला जुंपायच्या घोड्याच्या पाठीवर तो उडू देऊ नये, साज घसरतो. लिबर्टी या वर्गात तर घोडा संगीताच्या तालावर रिंगणात मोकळा धावतो. तिथे हवेत उडणारी लांब, हलकी आयाळ पाहिली की वर्षभर जपलेल्या लांबीचे चीज होते.

चेहऱ्याचा एक प्रश्न इथे टाळता येत नाही. शोसाठी मुस्कटावरच्या आणि डोळ्यांभोवतीच्या लांब मिश्याही वस्तऱ्याने काढण्याची चाल मिनिएचरमध्ये मुरलेली आहे. या मिश्या स्पर्शेंद्रियाचे काम करतात. त्यांच्या मुळाशी मज्जातंतूंचे जाळे असते, आणि नाकासमोरचे घोड्याला डोळ्यांनी दिसत नाही ते तो त्यांनी चाचपतो. जर्मनीत त्या काढायला बंदी आहे, आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून आपल्या स्पर्धांत तसा घोडा अपात्र ठरवला आहे. आयाळीच्या केसाला अशी संवेदना नसते, त्यामुळे नियमानुसार तिच्या कातरणीला अडचण नाही. मिश्या मात्र ठेवाव्यात. परीक्षकांनी मान आणि डोळे पाहावेत, मुस्कट गुळगुळीत असण्याने बांध्यात काहीच भर पडत नाही.

शो संपला की काम संपत नाही. चेहऱ्यावर लावलेले तेल आणि आयाळीतला स्प्रे त्याच संध्याकाळी धुवायचा, केस सावलीत वाळू द्यायचे, गाठी बोटांनी सोडवायच्या, आणि सैल वेण्या पुन्हा घालायच्या. ब्लँकेट चढवताना खांद्याजवळचे केस त्याच्या खालून हाताने बाहेर काढून ठेवायचे.