बसऱ्याला आणखी पलटणी पाठवायच्या का?

परमुलखातलं युद्ध लांबत गेलं आणि घरच्या लोकांचं मन त्यातून उठलं, की राज्यकर्त्यांपुढे प्रश्न उभा राहतो : सैन्य माघारी बोलवायचं, की आणखी धाडायचं? नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकी मतदारांनी इराक युद्धावरचा राग मतपेटीतून काढला. डिसेंबरात इराकचा मार्ग सुचवण्यासाठी नेमलेल्या बेकर-हॅमिल्टन समितीने लढाऊ तुकड्या टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचा सल्ला दिला. तरीही १० जानेवारी २००७ रोजी अध्यक्ष बुश यांनी वीस हजारांहून अधिक जादा सैनिक पाठवत असल्याचं जाहीर केलं. ते वर्ष अमेरिकी सैनिकांसाठी त्या युद्धातलं सर्वांत प्राणघातक ठरलं. त्यानंतर हिंसाचार उतरला, २०११ च्या डिसेंबरात सैन्य परतलं, आणि २०१४ मध्ये ‘आयसिस’ या दहशतवादी संघटनेमुळे अमेरिकेला पुन्हा इराकमध्ये उतरावं लागलं.

हा वाद अमेरिकेचा घरचा वाटतो. पण त्याच भूमीबद्दल हाच प्रश्न त्याच्या जवळपास नव्वद वर्षं आधी, पहिल्या महायुद्धातही पडला होता. तेव्हा ‘आणखी पाठवा’ याचा अर्थ होता हिंदी पलटणी पाठवा, आणि त्या पाठवण्याचं मोठं दार होतं मुंबई बंदर. साताऱ्याकडची, कोकणातली माणसं त्या पलटणींत होती. जायचं की परतायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. या साऱ्या इतिहासात मला सलते ती हीच गोष्ट.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून बोटींत बसून निघाली. इराकवर तेव्हा ज्याची सत्ता होती ते तुर्कस्तान तोवर युद्धात उतरलंही नव्हतं. काम मर्यादित होतं. इराणच्या आखाताच्या टोकाला अबादानला तेलशुद्धीकरणाचा कारखाना होता, त्याच्या मालक कंपनीत ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी मोठा हिस्सा घेतला होता, आणि त्या तेलाचं रक्षण करायचं होतं. ६ नोव्हेंबरला फाओला सैन्य उतरलं आणि महिना संपायच्या आत दक्षिण इराकमधलं बसरा बंदर हाती आलं. तेल सुरक्षित झालं. इथे थांबता आलं असतं.

थांबलं कुणीच नाही. बसरा टिकवायचं तर कुर्ना हवं, कुर्ना टिकवायचं तर अमारा हवं, अमाऱ्याला धोका नको म्हणून नासिरिया, मग कूत. प्रत्येक पाऊल छोटं आणि प्रत्येकाला कारण तयार. सप्टेंबर १९१५ अखेर जनरल टाउनशेंडची फौज टायग्रिस नदीच्या काठाने कूतला पोचली आणि बगदाद डोळ्यांपुढे दिसू लागलं. तुर्कस्तानात गॅलिपोलीला मार खाल्लेल्या ब्रिटनला कुठेतरी विजय हवाच होता. नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली, चार हजारांहून अधिक माणसं ठार वा जखमी झाली, आणि उरलेली फौज मागे सरत कूतला येऊन अडकली. ७ डिसेंबरला तुर्की वेढा आवळला गेला.

त्या वेढ्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या, सोबत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची माणसं. सुमारे पाच महिने ते नदीच्या एका वळणात कोंडून पडले. धान्य आटत गेलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. धर्मगुरूंकडून ‘खायला हरकत नाही’ असे निरोप हिंदुस्थानातून मागवून तारेने पोचवले गेले, तरी पुष्कळांना भीती होती ती गावी परतल्यावर जातीत कोण घेईल याची. पीठ मुठीएवढं उरलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, स्कर्व्हीने माणसं दवाखान्यात पडू लागली. सेनापतीने याला हट्ट म्हटलं. मला त्यात हट्ट दिसत नाही. ज्या युद्धात आपला काही संबंध नाही त्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाने, आपल्या घराशी जोडणारा एवढा एकच धागा हातून सुटू दिला नाही.

या अडकलेल्यांना सोडवायला जे झालं, त्यात या वादाचं सगळं बीज आहे. जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशा एकामागून एक चढाया झाल्या. नवी कुमक बसऱ्याला उतरत होती, पण बंदरात धड धक्के नव्हते आणि नदीतून वर न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या. माणसं मागे खोळंबलेली आणि पुढच्यांना तोफगोळे नाहीत, अशी स्थिती. वसंतात नदीला पूर आला, खंदकांत पाणी भरलं. २४ एप्रिलला ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन रात्रीतून घुसवायचा प्रयत्न झाला, तीही तुर्कांच्या हाती सापडली. २९ एप्रिलला कूत शरण गेलं. आत सुमारे १३ हजार माणसं होती. त्यांना सोडवण्याच्या प्रयत्नात जखमी आणि मृत धरून सुमारे २३ हजारांचं नुकसान झालं होतं. आधी गेलेल्यांसाठी आणखी पाठवायचे, मग त्या आणखींसाठी अजून, आणि शेवटी पहिलेही हाती लागत नाहीत. शरण गेलेल्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं गेलं, आणि त्यातले हजारो कैदेतच गेले.

टेसिफोनचे जखमी उघड्या तराफ्यांवर, रक्तामांसाच्या चिखलात, दिवसेंदिवस नदीतून बसऱ्याकडे येत होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर कार्टर यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि वरिष्ठांच्या धमक्यांना न जुमानता लिहून ठेवलं. बसऱ्याहून इस्पितळ-बोटींनी माणसं मुंबईला येत. काळा घोड्याजवळचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम तेव्हा नुकतं बांधून झालं होतं. त्यात लष्करी इस्पितळ थाटलं गेलं आणि संग्रहालय म्हणून ते लोकांसाठी खुलं झालं ते थेट १९२२ मध्ये. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून आपण मुलांना घेऊन जातो तीच ही वास्तू. त्या घुमटाखाली मूर्तींच्या आधी खाटा होत्या, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

चौकशी आयोग बसला. १९१७ च्या जूनमध्ये अहवाल बाहेर आला आणि हिंदुस्थान सरकारच्या कंजुषीचे, ढिसाळपणाचे वाभाडे निघाले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी २० ऑगस्टला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. कूतमधल्या उपासमारीची एक दूरची परिणती अशी राजकारणात उमटली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं होतं, पण माणसांची मागणी थांबली नव्हती.

१९१८ च्या वसंतात जर्मनीने फ्रान्समध्ये मुसंडी मारल्यावर तर ती दुपटीने वाढली. एप्रिलअखेर दिल्लीत युद्ध परिषद भरली आणि हिंदुस्थानाने आणखी पाच लाख माणसं द्यावीत असं ठरलं. टिळकांना तिचं बोलावणं नव्हतं. मग प्रांतोप्रांती परिषदा झाल्या. मुंबईची १० जून १९१८ रोजी टाउन हॉलमध्ये भरली, म्हणजे ज्या पायऱ्यांवर आज कॉलेजची मुलं बसलेली असतात त्या एशियाटिकच्या इमारतीत. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन अध्यक्ष होते. यावेळी टिळकांना बोलावणं होतं, पण गव्हर्नरांनी भाषणातच होमरूलवाल्यांच्या, म्हणजे स्वराज्य मागणाऱ्यांच्या, निष्ठेवर शंका घेतली.

राजनिष्ठेच्या ठरावावर टिळक बोलायला उठले. ठराव त्यांना मान्य होता. पुढचं त्यांना सांगायचं होतं : देशाच्या रक्षणासाठी माणसं हवी असतील तर देश त्या माणसांचा आहे असं आधी मान्य करा, संरक्षण आणि स्वराज्य यांची फारकत करू नका. विलिंग्डन यांनी त्यांना राजकीय चर्चा नको म्हणून तिथेच अडवलं. टिळक सभा सोडून निघाले. न. चिं. केळकरांनाही तसंच थांबवलं गेलं, तेही बाहेर पडले. नंतर जिनांनी उठून गव्हर्नरांच्या शंकेचा निषेध नोंदवला. १६ जूनला मुंबईत निषेधाची सभा झाली, तिचे अध्यक्ष गांधीजी होते. हेच गांधीजी त्या दिवसांत खेड्यांतून सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते, हे विसरून चालणार नाही.

टिळकांच्या भूमिकेवर पुढे दोन्ही बाजूंनी टीका झाली. साम्राज्याच्या युद्धाला माणसं द्यायला ते तयार कसे, असं काही म्हणतात. अडचणीच्या वेळी सौदा कसा करतात, असं तेव्हाचे इंग्रज म्हणत. मला टिळक बरोबर वाटतात. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपद मिळेल असं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं उभी करतो, असं त्यांनी गांधीजींना कळवलं आणि हमी म्हणून ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. युद्धात मदत म्हणजे सौदा नव्हे, असं म्हणून गांधीजींनी तो परत केला. टिळकांचा आग्रह एवढाच होता की मरायला बोलावता तर ठरवायलाही बोलवा. यात सौदेबाजी कसली?

युद्ध संपलं, पण सैन्य परतलं नाही. एप्रिल १९२० मध्ये इटलीत सॅन रेमोला भरलेल्या दोस्त राष्ट्रांच्या परिषदेत इराकचा ताबा ब्रिटनला देण्याचं ठरलं आणि जूनअखेर रुमैथाला उठावाची ठिणगी पडली. तिथल्या सुमारे साठ हजार फौजेत बहुतांश हिंदी होते, आणि ते पुरेनात म्हणून हिंदुस्थानातून आणखी पलटणी गेल्या. ब्रिटनमधली वर्तमानपत्रं ‘मेसोपोटेमिया (म्हणजे इराक) सोडा’ म्हणून ओरडत होती, कारण युद्धाने थकलेल्या करदात्याच्या खिशातून तिकडे कोट्यवधी पौंड जात होते. चारशेहून अधिक शिपाई आणि हजारो इराकी मेल्यावर उठाव चिरडला गेला. चर्चिल यांनी काढलेला तोडगा स्वस्तातला होता : फौज कमी करा, विमानं वापरा, अरब राजपुत्र फैसलला गादीवर बसवा. १९२२ मध्ये सूत्रं हवाई दलाकडे गेली. गावांवर बाँब पडत राहिले, पण लंडनला तो खर्च परवडणारा होता.

दिल्लीत मात्र एक गोष्ट घडली, जिची आठवण फार कमी निघते. मार्च १९२१ मध्ये नव्या मध्यवर्ती कायदेमंडळात शिवस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ठराव आले, की हिंदी सैन्याचं काम हिंदुस्थानचं रक्षण आणि अंतर्गत शांतता एवढंच असावं. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते. तरी ज्यांच्या घरची माणसं जात होती त्यांचे प्रतिनिधी या प्रश्नावर निदान सभागृहात बोलले. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. त्यावर ब्रिटिशांची नावं कोरली गेली, पण बहुतेक हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्याने मोजले गेले.

स्वातंत्र्यानंतर ठरवणारे आपणच झालो, पण विचारण्याची सवय लगेच लागली नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत श्रीलंकेशी करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी भारताची शांतिसेना तिथल्या जाफन्यात उतरली. संसदेत आधी चर्चा झाली नाही. तमीळ बंडखोरांची शस्त्रं गोळा करायला गेलेली एक डिव्हिजन ऑक्टोबरात लढाईत ओढली गेली, मग एकाच्या चार डिव्हिजन झाल्या. मुंबईत जन्मलेले, सायनच्या एसआयईएस कॉलेजात शिकलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन ८ महार पलटणीत होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असतानाही ते लढले. त्यांना परमवीरचक्र मरणोत्तर मिळालं. मार्च १९९० मध्ये शेवटचं सैन्य परतलं तोवर सुमारे १२०० जवान गेले होते. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. सैन्य कधी परतायचं याची मुदत तर आधी श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनीच घालून दिली होती.

म्हणून २००३ चा उन्हाळा मला मोठा वाटतो. अमेरिकेला इराकमध्ये भारताची एक पूर्ण डिव्हिजन हवी होती, सुमारे १७ हजार माणसं. पाठवावं असं म्हणणारे दिल्लीत वजनदार होते. पण ८ एप्रिलला लोकसभेने युद्धाच्या निषेधाचा ठराव एकमताने केला होता, आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक समितीने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य जाणार नाही असं सांगितलं. सहा महिन्यांनी मुंबईत गोरेगावच्या मैदानावर वर्ल्ड सोशल फोरम हा जगभरच्या चळवळींचा मेळावा भरला, तेव्हा जगभरातले लोक इराकमधून सैन्य काढा म्हणत होते, आणि त्या सैन्यात भारतीय जवान नव्हते.

तो नकार कायद्याने बांधून मात्र घेतलेला नाही. परदेशी लढायला सैन्य पाठवण्याआधी संसदेचं मत घ्यावंच लागेल, असा नियम आजही आपल्याकडे नाही. मंत्रिमंडळ ठरवू शकतं, १९८७ सारखं एका दिवसात. मला हा नियम हवा आहे, कारण उद्या पुन्हा कुणी आणखी एक डिव्हिजन मागेल, आणि ती सातारा-रत्नागिरीच्या घरांतूनच जाईल.