फाइली आपोआप लावणारे नियम संथ का होतात?

आपल्या मॅकवर आम्ही हेझल हे फाइली नियमांनुसार आपोआप लावणारे ॲप बसवून दिले, तेव्हा डाउनलोड्समधल्या फाइली बघता बघता आपापल्या फोल्डरात जात होत्या. पुढे नियम वाढत जातात, जुन्या फाइली साचतात आणि उतरवून घेतलेले बिल जागेवर जायला वेळ लागू लागतो. अशा वेळी नवा संगणक घ्यावा का, असे ग्राहक आम्हाला विचारतात. आमच्या अनुभवात तशी गरज क्वचितच असते. आधी नियमांतील अटी पाहाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

फाइलचे नाव, प्रकार, आकार आणि तारीख या गोष्टी डिस्कवरील नोंदींतूनच कळतात, त्यासाठी फाइलमधला मजकूर वाचावा लागत नाही. ‘आत अमुक शब्द असेल तर’ ही अट मात्र मजकुरात शिरते, आणि शंभर पानी पीडीएफच्या बाबतीत हे काम जड जाते. टपाल वाटणाऱ्याने पत्ता वाचायचे सोडून प्रत्येक पाकीट फोडावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून ‘प्रकार पीडीएफ’ आणि ‘नावात स्टेटमेंट’ अशा हलक्या अटींनी आधी गाळणी लावावी आणि मजकुराची अट त्यांच्यानंतर, तीही खरोखर अडले तरच ठेवावी.

एका कर सल्लागारांच्या कार्यालयात आम्हाला याचे चांगले उदाहरण दिसले. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून घेतलेली एआयएसची (करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणाची) पीडीएफ ‘आत पॅन क्रमांक असेल तर’ या नियमाने अशिलाच्या फोल्डरात जावी, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु ही पीडीएफ कुलूपबंद येते. लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख हा तिचा पासवर्ड असतो. तो दिल्याशिवाय आतले काहीच वाचता येत नसल्याने तो नियम कधीच लागू होत नव्हता आणि त्या फाइली डाउनलोड्समध्येच पडून राहत होत्या. उतरवून घेताना फाइलच्या नावात अशिलाचे संक्षिप्त नाव घालायचे आणि नियम नावावर चालवायचा, असे ठरवल्यावर अडचण सुटली. ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे) न केलेल्या स्कॅनचेही असेच असते: तो मजकूर नसून चित्र असते.

हेझल नियम वरून खाली तपासते आणि पहिला लागू पडलेला नियम चालवून, पुढे जाण्यास मुद्दाम सांगितले नसेल तर, त्या फाइलपुरते थांबते. त्यामुळे रोज सर्वांत जास्त फाइली हलवणारा साधा नियम सर्वांत वर असावा.

फाइल कुठे जाते, यानेही फार फरक पडतो. त्याच डिस्कवर हलवताना फक्त नोंद बदलते, म्हणून मोठी चित्रफीतही क्षणात सरकते. बाहेरच्या डिस्कवर मात्र तिचा प्रत्येक बाइट लिहावा लागतो. छायाचित्रकारांनी दिवसभर आतल्याच डिस्कवर वर्गवारी करावी आणि बाहेरच्या डिस्कवरची रवानगी काम संपल्यावर एकदाच करावी.

आमच्याकडे तक्रार नोंदवण्यापूर्वी प्रत्येक नियमासमोरच्या चौकोनातली खूण एकेक करून काढून पाहावी. ज्याची खूण काढल्यावर वेग परत येतो, त्या नियमाचा स्क्रीनशॉट आणि त्या नियमाने जागेवर न पोहोचलेल्या एका फाइलचे नाव आम्हाला पाठवावे. अशिलाची मूळ फाइल कृपया पाठवू नये.