रात्री दोन ते सकाळी आठ : घरच्या इंटरनेटला मीटर लागला त्याची गोष्ट

२००६-०७ च्या सुमाराला लातूर, नांदेड, परभणीत ज्यांच्या घरी बीएसएनएलचं 'डेटावन' इंटरनेट होतं, त्यांना एक वेळ तोंडपाठ होती : रात्री दोन ते सकाळी आठ. 'होम ५००' प्लॅनमध्ये एवढे सहा तास डेटाची मोजणी बंद असायची. घरातलं कॉलेजचं पोरगं पावणेदोनचा गजर लावून उठायचं, डाउनलोड सुरू करायचं आणि परत झोपायचं. आठच्या आत मोडेम बंद करायचा राहिला, तर महिनाअखेरीला बाप बिल हातात घेऊन उभा. आणि त्याच वेळी गावाकडं त्याचा चुलता बॅटरी घेऊन, रात्रपाळीच्या लाईटीवर मोटर चालू करायला विहिरीकडं निघालेला असायचा. एका घरातल्या दोघांची झोप एकाच हिशेबापायी मोडत होती. दिवसा गर्दी आहे, तुम्ही लोक झोपल्यावर या. घरच्या इंटरनेटवर डेटाची मर्यादा असावी का, या वादाचं अर्धं उत्तर त्या रात्रीच्या वेळापत्रकातच होतं.

मीटरकडं डोळा ठेवून बोलायची सवय आपल्याला इंटरनेटच्या आधीपासूनची. एसटीडी बूथवर लाल आकडे पळायला लागले की 'बरं, ठेवतो' असं म्हणत निम्मा निरोप पोटातच राहायचा. रात्री उशिरा दर पाव व्हायचा म्हणून बूथसमोर रांग लागायची ती जेवणं उरकल्यावर. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा तेही तासांवरच विकलं गेलं. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं, बीएसएनएलचं 'संचारनेट' आलं, आपल्याकडं नेट कॅफेंच्या प्लायवूडच्या खुराड्यांत दहावीचे निकाल पाहिले गेले, तरी माप तासाचंच. त्यात खोट नव्हती. डायल-अप चालू असेपर्यंत फोनची लाइन आणि एक्स्चेंजमधली जागा तुम्ही अडवून बसलेले असता. तुम्ही पान वाचताय की नुसते बसलात, याच्याशी खर्चाचा संबंध नाही. अडवलेल्या वेळेचे पैसे हा रोकडा व्यवहार होता.

घोळ सुरू झाला तो लाइन कायम चालू राहायला लागल्यावर. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं ब्रॉडबँडची व्याख्या केली : कायम चालू असणारी, किमान २५६ केबीपीएस वेगाची जोडणी. जानेवारी २००५ मध्ये डेटावन आलं. आता तास मोजण्यात अर्थ उरला नाही, म्हणून एमबी मोजायला लागले. 'होम २५०' प्लॅनमध्ये महिन्याला ४०० एमबी, त्यापुढं दर एमबीला रुपयाच्या आसपास. त्या काळी देशाबाहेर जाणारी बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, खरोखरच महाग होती, त्यामुळं मर्यादा घालण्याला कारण होतं, हे मान्य करायला हवं.

पण १ जानेवारी २००७ ला काय झालं पाहा. सरकारनं ते वर्ष ब्रॉडबँडचं म्हणून जाहीर केलं होतं, आणि बीएसएनएलनं त्याच पैशात वेग २ एमबीपीएसपर्यंत नेला. घरोघरी आनंद झाला. कोटा मात्र वेगाच्या पटीत वाढला नाही. गणित सोपं आहे : २५६ केबीपीएसनं ४०० एमबी उतरवायला साडेतीन तास लागतात, २ एमबीपीएसनं अर्ध्या तासाच्या आत. म्हणजे नळाची तोटी आठपट मोठी झाली आणि हंडा तेवढाच राहिला. पुढचे महिनाभर तोटी बघत बसायचं, नाहीतर प्रत्येक एमबीला पैसे मोजायचे. त्यातही विजेचं मीटर निदान भिंतीवर असतं, चाक फिरताना दिसतं. हे मीटर कंपनीच्या खोलीत. एक एमबी म्हणजे किती, हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं जपून वापरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कॉम्प्युटर आपोआप अपडेट होऊन कोटा खाऊन टाकायचा आणि संशय जायचा पोरावर.

हा वाद एकट्या आपला नव्हता. अमेरिकेत कॉमकास्टनं ऑक्टोबर २००८ मध्ये महिन्याला २५० जीबीची मर्यादा लावली. त्याच वर्षी टाइम वॉर्नर केबलनं टेक्सासमधल्या ब्युमाँट गावात ५ ते ४० जीबीचे प्लॅन करून पाहिले, वर प्रत्येक जीबीला एक डॉलर. २००९ मध्ये ते आणखी शहरांत नेण्याचं ठरलं, पण लोक एवढे चिडले की बेत गुंडाळावा लागला. सगळ्यात बोलका प्रसंग मात्र कॅनडाचा. तिथल्या छोट्या कंपन्या बेलसारख्या मोठ्या कंपनीच्या तारा भाड्यानं घेऊन स्वस्त सेवा द्यायच्या. जानेवारी २०११ मध्ये दूरसंचार नियामकानं निकाल दिला की बेलनं या छोट्यांकडूनही वापराप्रमाणं पैसे घ्यावेत. त्यामुळं काहींचा २०० जीबीचा कोटा २५ जीबीवर येणार होता. लाखो सह्यांची याचिका झाली, सरकारनं निकाल फिरवण्याचा इशारा दिला, आणि नोव्हेंबरमध्ये नियामकानं स्वतःच नवा मार्ग काढला : छोट्या कंपन्यांनी किती जीबी वाहून नेले ते मोजायचं नाही, गर्दीच्या वेळी किती रुंदीचा रस्ता हवा, तेवढ्याचे पैसे घ्यायचे. ज्यांना नको, त्यांच्यासाठी सरसकट ठरावीक दर.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला कॅनडा लागत नाही. शेतीपंपाचं बिल आपल्याकडं सत्तरच्या दशकापासून बहुतांश ठिकाणी एचपीवर आलं. पाचची मोटर असेल तर पाचचं बिल, मग ती कितीही तास चालो. इथंच लोक एक आक्षेप घेतात, आणि तो हलका नाही : मीटर नव्हतं म्हणूनच बोअर पाचशे-सातशे फुटांवर गेले, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, फुकट मिळालं की माणूस उपसतोच. शेतीपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे, जरी उसाचा आणि पावसाचा वाटा विसरून चालणार नाही. पण पाणी उपसलं की विहीर खाली जाते. शेजाऱ्यानं रात्री तीनला चार जीबी उतरवले म्हणून कशाचा तळ खाली जात नाही. फायबर घातलेली असते, यंत्रं चालूच असतात. इंटरनेटची तुलना करायचीच तर एसटीशी करावी. दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याहून लातूरला येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, जादा गाड्या सोडाव्या लागतात. मंगळवारी दुपारी तीच गाडी निम्मी रिकामी धावते. खर्च वाढवतो तो दिवाळीचा दिवस. नेटची दिवाळी रोज संध्याकाळी आठ ते अकरा असते. महिन्याचे जीबी मोजणारं मीटर या गर्दीबद्दल काहीच सांगत नाही. पहाटेचा १ जीबी आणि रात्री नवाचा १ जीबी त्याला सारखेच. बीएसएनएलच्या 'दोन ते आठ'ला निदान हा फरक कळत होता.

पुढं एमबीमागे रुपया घेण्याची पद्धत मागं पडली आणि 'अनलिमिटेड' आलं, म्हणजे तळाशी बारीक अक्षरात 'फेअर यूसेज पॉलिसी'. कोटा संपला की जादा बिल नाही, पण वेग इतका उतरायचा की पान उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. जुलै २०१२ मध्ये ट्रायनं, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना सांगितलं की मर्यादा किती आणि नंतरचा वेग किती, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगा. २०१६ च्या अखेरीस आणखी एक निर्देश आला : तारेवरच्या ब्रॉडबँडचा वेग कोटा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही.

तोवर बाजारानंच पट उलटवला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, आधी फुकट, मग दिवसाला १ जीबीच्या हिशेबानं. त्याआधी महिनाभरासाठी १ जीबीला अडीचशे रुपयांच्या घरात मोजणारे लोक तेवढा रोज वापरायला लागले. घरच्या तारेवरही २०२० मध्ये जिओफायबरचा ३९९ रुपयांचा ३० एमबीपीएसचा 'अनलिमिटेड' प्लॅन आला. त्यालाही मर्यादा आहे, ३३०० जीबीची. त्या वेगानं रात्रंदिवस दहा दिवस डाउनलोड केलं तर ती गाठता येते. एवढ्या मर्यादेवर कोण भांडणार? शहरात हा वाद जवळपास मिटला.

गावाकडं तो मिटला नाही, खिशात गेला. केबलवाला फायबर घेऊन तालुक्याच्या गावापर्यंत, फार तर मोठ्या बाजारगावापर्यंत पोचतो. पुढच्या वाड्यावस्त्यांवर घरचं इंटरनेट म्हणजे मोबाइल, आणि मोबाइल म्हणजे रोजचा दीड किंवा दोन जीबी. वाचला तर उद्याला जमा होत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये 'नीट'ची तयारी करणारी लातूरची मुलं गावी परतली, तेव्हा त्यांचे क्लास याच दीड जीबीवर चालले. ५१२ केबीपीएसचा तो निर्देश तारेवरच्या जोडणीला आहे, सिमकार्डाला नाही. रोजचा कोटा संपल्यावर जिओचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. २००४ च्या धोरणानं जो वेग ब्रॉडबँड म्हणायला किमान हवा असं ठरवलं होतं, त्याचा हा चौथा भाग. दुसरीकडं, साधा बटणाचा फोन वापरणाऱ्या आजोबांना नको असलेला डेटा रिचार्जमध्ये घ्यावा लागत होता. नुसतं बोलणं आणि एसएमएसचं वेगळं पॅक ठेवा, असं ट्रायनं कंपन्यांना सांगितलं ते डिसेंबर २०२४ मध्ये.

त्यामुळं अशा घरात संध्याकाळी डेटाची उसनवारी चालते. पोरीचा संपला की आईच्या फोनचा हॉटस्पॉट, तिचाही संपला की बापाचा. तोही संपला की अभ्यासाचा व्हिडिओ तसाच गोल फिरत ठेवायचा आणि बारा वाजायची वाट बघायची. बाराला नवा दीड जीबी लागतो.