तोंडी होकार आणि सही : अमेरिकेच्या महिला कॉलेज बास्केटबॉलमधील दोन टप्पे

हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या एखाद्या अमेरिकी मुलीने विद्यापीठाचा गणवेश घातलेले छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून ‘मी इथे खेळणार’ असे जाहीर केले, की नातेवाईक, शेजारी आणि पुष्कळदा बातमीदारही तिची शिष्यवृत्ती पक्की झाली असे धरून चालतात. त्या दिवशी प्रत्यक्षात झालेला असतो तो केवळ तोंडी होकार, ज्याला तिथे ‘कमिट करणे’ म्हणतात. ‘साइन करणे’ म्हणजे कागदावर सही करणे हा वेगळा टप्पा आहे. तो बहुधा काही महिन्यांनी येतो आणि कधी कधी येतही नाही. मिनेसोटातील हॉपकिन्स हायस्कूलच्या पेज बेकर्सने १ एप्रिल २०१९ रोजी, अकरावीत असताना, कनेटिकट विद्यापीठाची निवड जाहीर केली. सही करण्याची मुदत मात्र त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाली. मधले सात महिने सगळे जग तिला कनेटिकटची खेळाडू मानत होते, पण नियमांच्या लेखी ती अजून कोणाचीच नव्हती.

तोंडी होकाराला कॉलेज क्रीडास्पर्धांची नियामक संस्था एनसीएए कोणतेही स्थान देत नाही. त्याचा अर्ज नसतो, त्याची नोंद होत नाही आणि तो मोडल्याबद्दल दंडही नसतो. आपल्याकडे फ्लॅट ठरवताना निदान विसार तरी द्यावा लागतो. इथे तेवढेही हातचे जात नाही. होकार दिलेल्या मुलीशी दुसऱ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक नियमांच्या चौकटीत राहून बोलू शकतात, तिचे मन वळवू शकतात, आणि ती उद्या निर्णय फिरवू शकते. मात्र हे स्वातंत्र्य दोन्ही बाजूंना आहे, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात बहुधा उशिरा येते. प्रशिक्षकालाही शब्द मागे घेण्यास नियमाने कोणी अडवत नाही.

यातला खरा गुंता ‘ऑफर’ या शब्दापाशी आहे, कारण ऑफरही दोन प्रकारची असते. प्रशिक्षक फोनवर ‘आम्ही तुला शिष्यवृत्ती देऊ इच्छितो’ असे म्हणतो ती तोंडी ऑफर, आणि शिष्यवृत्तीची रक्कम व मुदत लिहून विद्यापीठ पाठवते ती लेखी. महिला बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षकांना अकरावीच्या १ सप्टेंबरपासून मुलींना फोन व संदेश करता येतात, तर लेखी प्रस्ताव बारावीच्या वर्षातील १ ऑगस्टच्या आधी देता येत नाही. म्हणजे जवळजवळ अकरा महिने सगळा व्यवहार केवळ शब्दांवर चालतो. पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या महिला संघाला बराच काळ १५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या चार वर्षांच्या खेळाडूंत विभागल्या जात असल्यामुळे एका वर्षी साधारण तीन ते पाच जागाच रिकाम्या होतात. संघाला एक पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळाची आखणी करणारी खेळाडू, हवी असेल तर प्रशिक्षक पाच-सहा पॉइंट गार्डना ऑफर देऊन ठेवतो आणि जी आधी ‘हो’ म्हणेल तिला जागा देतो. उरलेल्यांच्या ऑफर मग कागदावर नसल्यामुळे गाजावाजा न होता विरून जातात. यामुळेच तिथे ‘ऑफर आहे’ आणि ‘आज हो म्हटले तर तो होकार स्वीकारला जाईल अशी ऑफर आहे’ यांत फरक केला जातो. मुलीच्या यादीत दहा नावे असली, तरी दुसऱ्या प्रकारची त्यांत दोनच असू शकतात. ‘आज हो म्हटले तर तुम्ही होकार स्वीकाराल का?’ हा पालकांनी प्रशिक्षकाला विचारायचा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा संकोचच सर्वांत जास्त होतो.

तोंडी होकार किती सैल असतो याचे आजचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण केटलिन क्लार्कचे. आयोवा राज्यातल्या वेस्ट डेमॉइन येथील या मुलीने नोट्र डेम विद्यापीठाच्या प्रशिक्षक मफेट मॅक्ग्रॉ यांना खासगीत होकार कळवला होता. पुढे तिचे मन बदलले, तिने तसे कळवले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोवा विद्यापीठाची निवड जाहीर केली. कोणताही नियम मोडला नाही, कुठेही अर्ज करावा लागला नाही. पुढची घटना अधिक बोलकी आहे. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे ती कॉलेजात दाखल होण्याआधीच, मॅक्ग्रॉ निवृत्त झाल्या. क्लार्कने नोव्हेंबरात नोट्र डेमशी सही केली असती तर ती त्या विद्यापीठाशी बांधली गेली असती, पण ज्यांच्याकडे पाहून सही केली त्या मॅक्ग्रॉ मात्र तिथे नसत्या. सही प्रशिक्षकाशी नसून संस्थेशी असते, ही अट त्या वेळच्या करारपत्रात स्पष्ट शब्दांत छापलेली असे.

त्या करारपत्राचे नाव नॅशनल लेटर ऑफ इंटेंट. १९६४ मध्ये सुरू झालेली ही पद्धत साठ वर्षे चालली. नोव्हेंबरात एक छोटी मुदत आणि वसंत ऋतूत दुसरी लांब मुदत असे. ठरलेल्या दिवशी सकाळी ७ वाजल्यापासून सही करता येई, आणि मुलगी २१ वर्षांखालील असेल तर पालकाचीही सही लागे. विद्यापीठ किमान एका शैक्षणिक वर्षाची शिष्यवृत्ती देणार, मुलगी तिथे एक वर्ष शिकणार आणि सही होताच इतर सर्व विद्यापीठांनी तिचा पाठलाग थांबवायचा, असा हा त्रिपक्षी बंदोबस्त होता. विद्यापीठाने मोकळीक न देता तिने करार मोडला, तर नव्या ठिकाणी एक वर्ष बसून राहणे आणि खेळण्याचा एक हंगाम गमावणे असा दंड होता. अर्थात सहीनेही माणूस बांधला जातोच असे नाही. देशातली अव्वल हायस्कूलपटू एलेना डेल डॉन जून २००८ मध्ये कनेटिकटला दाखल झाली आणि दोनच दिवसांत घरी परतली. तिने घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात प्रवेश घेतला, पहिल्या वर्षी तिथे व्हॉलीबॉल खेळली आणि २००९ पासून पुन्हा बास्केटबॉलकडे वळली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एनसीएएने नॅशनल लेटर ऑफ इंटेंट रद्द केले. तेव्हापासून सही होते ती थेट शिष्यवृत्तीच्या करारावर. सही झाली की इतर विद्यापीठांनी संपर्क थांबवायचा, हा जुना नियम तसाच राहिला. जुने करारपत्र जात असताना त्याच्या जागी आणखी एक कागद येत होता. ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातील तडजोडीला जून २०२५ मध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाल्यामुळे विद्यापीठे स्वतःच्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देऊ शकतात, आणि त्याचा करार शिष्यवृत्तीच्या करारापेक्षा वेगळा असतो. त्यात मध्येच सोडून जाण्याबद्दलच्या अटी असू शकतात, म्हणून तो वकिलाच्या नजरेखालून गेलेला बरा. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघातील खेळाडूंची संख्याच १५ वर मर्यादित झाली आहे. शिष्यवृत्तीविना संघात राहणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलींना याआधी १५ जणींच्या पलीकडेही जागा मिळू शके; आता तिथे ‘शिष्यवृत्ती नाही, पण संघात घेऊ’ या तोंडी आश्वासनाची किंमत बरीच उतरली आहे.

या बदलांनंतर सहीचा रोख उलटला आहे, असे मला वाटते. पूर्वी ती मुख्यतः मुलीला बांधत असे. आता बदलीच्या ‘ट्रान्सफर पोर्टल’मध्ये नाव नोंदवून आणि अभ्यासाच्या अटी पाळून खेळाडू वर्षागणिक विद्यापीठ बदलू शकते, व २०२४ पासून त्यासाठी एक वर्ष बसून राहावे लागत नाही. त्यामुळे सहीने बांधले जाते ते प्रामुख्याने विद्यापीठ, कारण कबूल केलेले पैसे त्याला द्यावे लागतात. तोंडी होकारात मुलीचे मोकळेपण फारसे कमी झालेले नसते, पण हातात काहीच आलेले नसते. बाहेरच्या माणसाला हा फरक दिसत नाही, कारण दोन्ही प्रसंगी टोप्या, फुगे आणि छायाचित्रे सारखीच असतात.

तरी ओळखण्याची एक साधी खूण आहे. लेखी सही होईपर्यंत प्रशिक्षकाला त्या मुलीच्या खेळाबद्दल जाहीरपणे बोलण्यास मनाई असते. म्हणून तोंडी होकाराच्या दिवशी प्रशिक्षक फार तर एखादे हसरे चिन्ह टाकतो किंवा ‘आज छान दिवस आहे’ एवढेच लिहितो. मुलीचे नाव, उंची आणि गुणवर्णन असलेले विद्यापीठाचे अधिकृत निवेदन सहीनंतरच निघते. शाळेच्या जिममधील समारंभावर मात्र विसंबू नये. टेबलावरचा कागद अनेकदा छायाचित्रापुरता असतो आणि खरी सही संगणकावर आधीच झालेली असते.

डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसरी श्रेणी, आणि हार्वर्ड, येल यांसारख्या आठ विद्यापीठांची आयव्ही लीग या दोन ठिकाणी ही सगळी मांडणी बदलते, कारण तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये समारंभासाठी एक नमुना अर्ज आहे. त्यावर सही करता येते, पण ती कोणालाच बांधत नाही. आयव्ही लीगचे आकर्षण अमेरिकेतील मराठी घरांत कमी नाही, म्हणून तिथली रीत नीट माहीत असावी. प्रशिक्षक ‘तू आमची’ म्हणाला तरी तो प्रवेश देऊ शकत नाही, केवळ प्रवेश कार्यालयाकडे तिचे नाव पुढे करू शकतो. त्या कार्यालयाला अर्ज पटला तर बारावीच्या ऑक्टोबरपासून ‘लाइकली लेटर’ नावाचे पत्र येऊ शकते, आणि तोपर्यंत हातात असतो तो प्रशिक्षकाचा शब्दच. शिक्षणाचा खर्च कमी होणार की नाही हे कुटुंबाच्या उत्पन्नावरून आर्थिक साहाय्य विभाग वेगळे ठरवतो. त्यात बास्केटबॉलचा संबंध येत नाही.