रूझवेल्ट मूसवर बसले होते? नाही हो!

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मूसवर (तिकडचं ते सांबरासारखं अवाढव्य जनावर) बसून पाणी पार करतायत, हा फोटो परत फिरतोय. अहो, फेक आहे तो! १९१२ चा, तेव्हा फोटोशॉप नव्हतं पण कात्री-गोंद होतं ना. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला लोक 'बुल मूस' (म्हणजे नर मूस) म्हणायचे म्हणून अंडरवुड अँड अंडरवुड या फोटो कंपनीने त्यांचा घोड्यावरचा फोटो कापून मूसवर चिकटवला, सोबत त्यांचे प्रतिस्पर्धी टॅफ्ट हत्तीवर नि विल्सन गाढवावर (त्यांच्या पक्षांची चिन्हं हो), आणि न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये तिघं एकत्र छापले, म्हणजे सरळसरळ गंमतच होती. पुढे बाकीचे दोघं गळाले, हे एकटेच व्हायरल. कौतुकच करायचं तर राष्ट्राध्यक्ष असताना सुमारे २३ कोटी एकर जमीन निसर्गासाठी राखली त्याचं करा, किंवा त्याच प्रचारात मिलवॉकीला छातीत गोळी असताना भाषण ठोकलं त्याचं, ते मात्र शंभर टक्के खरंय.